दोन दशांश सेकंद

सुहासिनीने स्टीलच्या ताटलीत गोळ्या ओतून मोजल्या. पांढऱ्या अख्ख्या अकरा, अर्धे तुकडे तीन. फिकट पिवळ्या सहा. ताटलीशेजारी सुई काढलेली सिरिंज एक, पाणी पाजायला. वही एक. टोक केलेली पेन्सिल एक. स्टॉपवॉच एक. कॉम्प्युटरच्या टेबलालगत, चार पदरी सतरंजीवर, कुत्रा एक.

गोळ्यांचे आकडे वहीत लिहून तिने वर वेळ घातली : रविवार, सकाळी सात दहा. मग टेबलाची कड धरून ती सावकाश जमिनीवर बसली. भुंगा कुशीवर पडला होता. डोळे मिटलेले, पुढचे पाय सैल. त्याच्या काळसर अंगावर तोंडापुरतं पांढरं झालं होतं, तेवढंच काय ते अकरा वर्षांचं वय दिसायचं.

तिने स्टॉपवॉचचं बटण दाबलं. कट्ट.

बरगड्या वर आल्या, खाली गेल्या, तेव्हा एक. नुसतं वर येणं म्हणजे एक नव्हे. अठ्ठावीस वर्षं तिने कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत मुलांसमोर लंबक टांगले होते. जाऊन परत आला की एक. घड्याळ सुरू झाल्याशिवाय मोजायचं नाही, आणि घड्याळ सुरू व्हायच्या आधी जे दिसतं त्याला वाचन म्हणायचं नाही. काटा साठावर आला. कट्ट. चव्वेचाळीस. थोडं थांबून पुन्हा. सत्तेचाळीस. पुन्हा. पंचेचाळीस.

हे घड्याळ मिनिटाला दोन दशांश सेकंद मागे पडायचं. ती दुरुस्ती धरून तिने सरासरी काढली आणि वहीतल्या शेवटच्या रकान्यात लिहिली : ४५.२. वरच्या ओळींकडे तिने पाहिलं नाही. पाठ होत्या.

नऊ दिवसांपूर्वीच्या शुक्रवारपर्यंत भुंगा जिना चढत होता. तिसरा मजला, बावन्न पायऱ्या. शुक्रवारी दुपारी चारला, फिरून येताना, सदतिसाव्या पायरीवर तो बसला. आधी तिला वाटलं, नखरे. मग त्याची जीभ दिसली. जांभळट होती.

तिने त्याला ओढणीत धरायचा प्रयत्न केला, पण जमेना. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं आणि रावसाहेब बाहेर आले. सोसायटीचे सेक्रेटरी. लिफ्टमधली पाटी त्यांच्याच अक्षरात होती : ‘लिफ्ट माणसांसाठी आहे. आपला कुत्रा माणूस आहे असे वाटत असल्यास जिन्याने जावे व वाटेत विचार करावा.’ पाटी लागली तेव्हा अख्ख्या इमारतीत कुत्रा एकच होता.

रावसाहेबांनी काही न विचारता भुंग्याचा मागचा भाग उचलला.

“लिफ्टमध्ये घ्या, वहिनी.”

सुहासिनीने पाटीकडे पाहिलं.

“मी लिहिलीय ती,” रावसाहेब म्हणाले. “मला वाचता येते. आत घ्या.”

रिक्षात त्यांनी तिला बसवलं आणि रिक्षावाल्याला ‘मीटर नंतर बघ, रस्ता आधी बघ’ असं खडसावलं. पण बरोबर कोणी येणार आहे का, हे त्यांनी विचारलं नाही. कोणी नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

प्राण्यांच्या दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती, प्रियदर्शनी नावाची. तिने छातीवर नळी लावून बराच वेळ ऐकलं, इंजेक्शन दिलं, नळीने प्राणवायू लावला. तासाभराने जिभेचा रंग परतला.

“हृदयाची झडप गळतेय, काकू. फुप्फुसात पाणी उतरलंय.”

“किती?”

प्रियदर्शनीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

“पाणी तसं मोजता नाही येत. पण श्वास मोजता येतात. घरी, गाढ झोपलेला असताना. मिनिटाला तीसच्या खाली हवेत. इथे टेबलावर मोजून उपयोग नाही, इथे वाघसुद्धा धापा टाकेल.”

“दिवसातून किती वेळा?”

“एकदा पुरे.”

सुहासिनीने चार वेळा ठरवलं, आणि दर वेळी तीन वाचनं. एका वाचनावर कुणीच विसंबू नये.

त्याच संध्याकाळी तिने कपाटातून स्टॉपवॉच काढलं. जाड काचेचं, किल्लीचं. कॉलेजच्या जुन्या सामानातून बाद झाल्यावर प्राचार्यांची सही घेऊन तिने ते घरी आणलं होतं. रात्री अंथरूण तिने हॉलमध्ये, सतरंजीशेजारीच घातलं. तेव्हापासून ती तुकड्यातुकड्यांनी झोपत होती. आकडा बेचाळीसच्या खाली कधी आला नाही.

गुरुवारी तिने प्रियदर्शनीला फोनवरून सगळी वाचनं सांगितली.

“काकू, तो झोपलेला असतानाच मोजताय ना?”

“डोळे मिटून पाच मिनिटं झाल्याशिवाय बसतच नाही मी.”

“जागा असताना कसा वाटतो?”

“काल गॅलरीपर्यंत जाऊन आला. अर्धी पोळी खाल्ली.”

“मग बरा वाटतोय का?”

“वाटण्याचं मी काय सांगू? आकडा सांगतेय ना.”

प्रियदर्शनीने पांढरी गोळी दुप्पट केली. मग जपून बोलली. रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंडं कुरकुरायला लागली होती. गोळी याहून वाढवता यायची नाही, आणि या गोळीवरही श्वास उतरत नसतील तर तो आतून बुडतोय असं समजायचं. “रविवारपर्यंत चाळीसच्या खाली आलं नाही, तर सोमवारी दहाला घेऊन या. त्याला त्रास होणार नाही, झोपेतच जाईल. पण तुम्ही घरच्यांशी बोलून ठेवा.”

रिसीव्हर ठेवून सुहासिनीने हॉलभर नजर फिरवली. घरचे म्हणजे ते सतरंजीवर पडले होते. त्याने एक डोळा उघडून तिच्याकडे पाहिलं आणि मिटला.

दुप्पट गोळीने तो सारखा पाणी मागू लागला आणि सारखा गॅलरीच्या मोरीशी जाऊ लागला. शनिवारी जाता जाता मध्येच त्याचे मागचे पाय मुडपले. आकडा मात्र होता तिथेच राहिला.

आमोदचा कॉल रविवारी सकाळी साडेआठला यायचा. त्याच्याकडे तेव्हा शनिवारची संध्याकाळ असायची. चार वर्षांपूर्वी कंपनीने त्याला तिकडे पाठवलं, ते दीड वर्षासाठी. दोन दिवाळ्यांपूर्वी आला तेव्हा त्याने मॉनिटरवर एक कॅमेरा बसवून दिला होता. बोलणं आठ-दहा मिनिटांचं. तिकडची थंडी, व्हिसा, तिचा गुडघा. गेल्या रविवारी तिने कॅमेरा थोडा खिडकीकडे वळवून ठेवला होता, सतरंजी दिसू नये म्हणून.

पडद्यावर दोन काड्यापेट्यांएवढ्या चौकोनात त्याचा चेहरा उमटला.

“दिसतोय का, आई?”

“दिसतोयस. दाढी करत जा.”

“शनिवार आहे गं. भुंग्या कुठाय? गेल्या वेळीपण दिसला नाही.”

तिने वही पुढे ओढली आणि क्रमाने सांगितलं. पायरी, जीभ, झडप, गोळ्या, रोजची सरासरी. प्रयोगाचा अहवाल सांगावा तसं. सांगताना कॅमेऱ्याकडे बघायचं असतं हे तिच्या लक्षात राहिलं नाही, ती वहीकडे बघत राहिली.

“म्हणजे नऊ दिवस झाले,” आमोद म्हणाला.

“हो.”

“आणि मला आज सांगतेस.”

“तू तिथून काय करणार होतास?”

चित्र थिजलं होतं की तोच, ते कळायला मार्ग नव्हता.

“बाबांच्या वेळीपण तू हेच म्हणाली होतीस.”

सुहासिनीने पेन्सिल उचलून वहीच्या दुसऱ्या बाजूला ठेवली. शरच्चंद्रांना दवाखान्यात ठेवलं त्याच्या चौथ्या दिवशी तिने आमोदला फोन केला होता. तो पोहोचला तेव्हा दहाव्याचे विधी चालू होते.

“उद्या दहाला न्यायचंय,” ती म्हणाली. “तुझा कुत्रा आहे. तू हो म्हण, म्हणजे मी नेते.”

“माझा कसला? तुझ्या गळ्यात टाकून आलो मी.”

“आणलास तू. बुटाच्या खोक्यातून. विचारलंसुद्धा नव्हतंस.”

“विचारलं असतं तर आणू दिला असतास?”

“नाही.”

दोघंही जरासे हसले. मग आमोद म्हणाला, “कॅमेरा खाली कर. बघू दे मला.”

तिने मॉनिटर वळवून कॅमेऱ्याची मान वाकवली.

“थोडा डावीकडे. हां. तुझी खुर्ची येतेय अर्धी, येऊ दे. असाच राहू दे.”

“हाक मारू नकोस त्याला. उठायला बघेल.”

“नाही मारत. मोजून दाखव.”

भुंग्याचा डोळा लागेपर्यंत दोघं गप्प राहिले. इतका वेळ न बोलता ते कॉलवर कधीच बसले नव्हते. मग सुहासिनी खाली बसली आणि तिने बटण दाबलं. कट्ट. एक. दोन. तीन.

“आई, थांब.”

“मध्ये बोलू नकोस, चुकेल.”

“आई, थांब म्हणतो ना. काय वाजलं ते?”

“स्टॉपवॉच. लॅबमधलं.”

पडद्यावर आमोद पुढे झुकला होता. कपाळच काय ते चौकोनात उरलं होतं.

“बंद कर. त्याला परत झोपू दे. मग पुन्हा दाब, पण मोजू नकोस. त्याच्याकडे बघ नुसती. दाबायच्या आधीपासून बघ.”

असं तिने आजवर केलं नव्हतं. ती बघत राहिली. बरगड्या वर आल्या, रेंगाळल्या, खाली गेल्या. पुन्हा वर यायला त्यांना घाई नव्हती. मग तिने बटण दाबलं.

डावा कान मुळाशी ताठ झाला. डोळे मिटलेलेच. उजव्या पुढच्या पंजाची बोटं ताणली गेली आणि नखं सतरंजीत रुतली. बरगड्या भरभर चालू लागल्या. त्या जागी सतरंजीचे दोरे निघालेले होते. दुखलं की तो ओरबाडत असेल, असं तिला वाटलं होतं.

“तू कॉलेजातून साडेचारला यायचीस,” आमोद म्हणाला. “मी तीनला घरी असायचो.”

“मग?”

“गच्चीवर न्यायचो त्याला. पाण्याच्या टाकीपासून पलीकडच्या कठड्यापर्यंत, बावीस मीटर. कट्ट झालं की सुटायचं. रोज. तीन पॉइंट एक सेकंद हा त्याचा विक्रम आहे.”

“ह्या घड्याळाने?”

“ह्याच.”

“कपाटाला कुलूप असायचं.”

“किल्ली पंचांगाच्या मागे असायची.”

सुहासिनी हातातल्या घड्याळाकडे बघत राहिली. काटा अजून फिरत होता.

“तो झोपलेला नाहीये, आई,” आमोद हळू म्हणाला. “पळतोय.”

तिने घाईने बटण दाबून काटा थांबवला. त्याचाही आवाज झालाच, आणि कान पुन्हा हलला. तिने घड्याळ दोन्ही हातांच्या ओंजळीत झाकून धरलं. दिवसाला बारा वाचनं. नऊ दिवस. गुणाकार आपोआप झाला. तो तिने वहीत लिहिला नाही.

“आणि ते मिनिटाला दोन दशांश सेकंद मागे पडतं ना?” आमोदने विचारलं.

“तुला कुणी सांगितलं?”

“नव्याण्णव साली माझ्या हातून टाकीवरून पडलं. दुसऱ्या दिवसापासून तू सगळ्यांना सांगत सुटलीस की ह्याची स्प्रिंग म्हातारी झाली.”

“सात वर्षं मी दुरुस्ती धरतेय.”

“सांगायला हवं होतं मी.”

“हो,” सुहासिनी म्हणाली. आणि थोड्या वेळाने, कॅमेऱ्याकडे बघत, “सांगायला हवं होतं.”

ती उठली. स्वयंपाकघरात जाऊन तिने घड्याळ टॉवेलात गुंडाळलं, तांदळाच्या डब्यात खोल दाबलं आणि झाकण लावलं. परत आली तेव्हा मोकळ्या हातांचं काय करावं ते तिला कळेना. तिने ते पदराला पुसले.

“भिंतीवरच्या घड्याळावर मोजते.”

“तू काही मोजू नकोस. तू खाली बसलीस की त्याला तेच आठवणार. खुर्चीत बस नुसती. मी मोजतो इथून. माझ्या घड्याळाचा आवाज होत नाही.”

“तुझं जेवण व्हायचं असेल.”

“बस गं तू.”

“पैसे पडत असतील ना ह्याचे?”

“आई.”

ती बसली. आमोदने त्याच्याकडचा आवाज बंद केला असावा, कारण इतका वेळ ऐकू येणारी पंख्यासारखी घरघर थांबली. चौकोनात त्याचा चेहरा तेवढा राहिला, खाली कुठेतरी बघणारा. गॅलरीतून आलेलं ऊन तिसऱ्या फरशीवर होतं. खालच्या गल्लीत कुणीतरी स्कूटर तिरपी करून किक मारत होतं. भुंग्याने एकदा मोठा उसासा टाकला, आणि त्याचा पंजा सैल पडला. त्यानंतरचा श्वास कितवा, हे तिने मोजायला घेतलं नाही. ऊन चौथ्या फरशीच्या कडेला येताना तिने पाहिलं, ते शेवटचं.

जागी झाली ती कुणाच्यातरी कुकरच्या शिट्टीने. मान खुर्चीच्या पाठीवर अवघडली होती, तोंडाला कोरड पडली होती. ऊन सातव्या फरशीवर पोहोचलं होतं. डाव्या पावलावर काहीतरी जड आणि उबदार होतं. भुंगा केव्हातरी सतरंजीवरून उठून चार पावलं चालत आला होता आणि तिच्या पावलावर हनुवटी ठेवून झोपला होता.

तिने पाऊल हलवलं नाही. तशीच पुढे वाकून तिने चष्मा घेतला.

पडद्यावरचा आमोदचा चौकोन अजून उघडा होता. त्यात रिकामी खुर्ची, मागे पेटलेला दिवा, आणि पलीकडे कुणीतरी पाण्याचा नळ बंद करत असावं तशी हलणारी सावली. चौकोनाच्या खाली त्याने टाइप केलेल्या ओळी होत्या. इंग्रजी अक्षरांतलं मराठी तिला पटकन वाचता यायचं नाही. ओठ हलवत ती एकेक शब्द लावू लागली.

आई, उठवलं नाही. वेळा तुझ्याकडच्या आहेत.

९.२० – भुंगा २६, आई १६.

१०.०० – भुंगा २४, आई १४.

१०.४० – भुंगा २४, आई १५.

सरासरी : भुंगा २४.७, आई १५.